डाव्या चाकाचा आवाज

आवाज पहिल्यांदा मी ऐकला. दिवाळी तोंडावर आली होती आणि आम्ही दोघं बाजारातून घरी येत होतो. विहाराच्या वळणावर नळासाठी खोदलेली खाच नुसता मुरूम टाकून बुजवली होती. तिच्यावरून गाडी गेली आणि समोरून, डावीकडून, माझ्या पायांच्या पुढ्यातच काहीतरी खडखडलं. स्टीलच्या डब्यात दोन चमचे टाकून डबा हलवावा, तसं.

"अहो, काहीतरी वाजलं," मी म्हटलं.

यांनी गाडी मागे घेतली आणि पुन्हा त्या खाचेवरून नेली. पुन्हा वाजलं. मग घर येईपर्यंत हे मान जराशी डावीकडे कलवून नुसते ऐकत होते.

तेव्हा यांचं यवतमाळच्या बाजारात कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारणीची औषधं. शेतकीची पदवी घेऊन यांनी नोकरीच्या मागे न लागता दुकान टाकलं, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. ते आयुष्यभर कचेरीत कारकून होते. शिकलेल्या माणसानं काउंटरमागे उभं राहायचं, हे त्यांना कमीपणाचं वाटायचं. यांना मात्र दुकान मनापासून आवडायचं. कोणी नुसतं पाकीट मागायला आलं तरी त्याला बाकावर बसवायचे, जमीन कशी आहे, पाणी कुठून येतं, मागच्या साली काय लावलं होतं, सगळं विचारायचे आणि मगच सांगायचे. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. आम्हाला मूल नव्हतं, आणि त्याविषयी बोलणंही आम्ही एव्हाना सोडलं होतं. गाडी छोटी, पांढरी, जुनी घेतलेली. चार माणसं त्यात बसायची, पण बहुतेक वेळा मागच्या सीटवर खतांच्या नमुन्याच्या पिशव्याच असायच्या.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. जिल्ह्याबाहेरच्या लोकांनी ती वर्तमानपत्रात वाचली. आम्ही ती दुकानाच्या बाकावर पाहिली. एका हंगामात पावसानं दगा दिला. दुसऱ्यात बोंडं धरली, पण पानं लाल पडून झाडं उभ्या जागी वाळली. लाल्या म्हणतात त्याला. मी सांगते आहे त्या वर्षी तर यांनी दिलेल्या एका नव्या वाणाचं बियाणं नीट उगवलंच नाही, आणि जे उगवलं त्याच्यावर लाल्या आला. कंपनीच्या माणसानं मेळाव्यात छातीठोकपणे सांगितलं, यांनी विश्वास ठेवला आणि तेच पुढे दुकानात सांगितलं. लोक येऊन भांडले. रिकामी पाकिटं काउंटरवर फेकली. कंपनीचा माणूस फोन उचलेनासा झाला. यातलं एक अक्षरही हे घरी बोलायचे नाहीत. शेजारच्या दुकानदाराची बायको आमच्या शाळेत होती, तिच्याकडून मला सगळं कळायचं. घरी येऊन हे जेवायचे, पेपर वाचायचे, आणि मी काही विचारलं तर म्हणायचे, "चालूच आहे."

फक्त एकदा आपणहून बोलले. म्हणाले, "आज मावशी येऊन गेली."

मावशी म्हणजे घाटंजीच्या पुढच्या एका खेड्यातली म्हातारी बाई. नवरा कधीचाच गेलेला, मुलगी लग्न होऊन आदिलाबादकडे. शेती एकटी बघायची. दुकान नवं होतं तेव्हापासूनची ती गिऱ्हाईक. दर मृगाच्या आधी यायची, यांना विचारायची आणि हे म्हणतील तेच लावायची. येताना पिशवीत काहीतरी असायचंच. तुरीच्या शेंगा, अंबाडीची भाजी, बोरं. आम्ही तिला मावशी म्हणायचो आणि ती यांना बापू म्हणायची.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काई नाई. पानी पेली, बसली, गेली." जरा वेळानं म्हणाले, "तिच्या वावरात जाऊन पाहून येतो म्हनलं मी तिले."

त्याच आठवड्यात गाडीत आवाज यायला लागला.

यांनी सुरुवात केली ती अगदी शांतपणे. आधी गाडी रिकामी केली. डिकीतला जॅक, पाने, स्टेपनी, दारातल्या कप्प्यातल्या बाटल्या, समोरच्या खणातला चष्मा, सगळं काढून ओट्यावर मांडलं आणि रिकामी गाडी खाचेवरून नेली. आवाज तसाच. मग मला बॉनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी खाली दाबायला सांगितली आणि हे चाकाशी कान लावून बसले. दाबून काही वाजेना. चालत्या गाडीतच वाजायचं, आणि तेही बारीक खडबडीत रस्त्यावर जास्त. मोठा खड्डा आला तर एकदा धप्प व्हायचं आणि गप्प. डांबर उडालेल्या, गिट्टी वर आलेल्या रस्त्यावर मात्र सारखं खडखड, खडखड.

नेहमीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं एक चक्कर मारली आणि उतरता उतरताच सांगितलं, "भाभी, टेन्शन नका घेऊ. बुश गेला. पक्का." खालच्या दांड्याला बसवलेला रबराचा बुश त्यानं काढून दाखवला. होताही झिजलेला. नवा बसवला. गॅरेजपासून घरापर्यंत गाडी एकदम गप्प होती. मी म्हटलंसुद्धा, गेला बाई एकदाचा. घरासमोर वळताना पुन्हा सुरू झाला. नंतर लक्षात आलं की गॅरेजपासून तिथवरचा रस्ताच मुळात नवा, गुळगुळीत होता.

दुसऱ्या वेळी त्यानं शॉकअप बदलला. तिसऱ्या वेळी आम्ही दारव्हा रोडवरच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं आधी पहिल्या मिस्त्रीला नावं ठेवली आणि मग लिंक रॉड बदलला. जुना लिंक रॉड हातात धरून हलवला की खरंच खुळखुळत होता. यांचा चेहरा उजळला. "हेच होतं," म्हणाले. पण हेही नव्हतं. गाडीच्या पुढच्या बाजूला इतक्या गोष्टी थोड्याथोड्या सैल असतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. प्रत्येक गोष्ट तपासावी तर ती दोषी वाटे, आणि बदलल्यावर कळे की ती बिचारी नुसती जुनी झाली होती.

मग यांनी ठरवलं की आता आपणच शोधायचं. "मी चालवत असलो का मले ऐकू येत नाई बरोबर," हे म्हणाले. "तू चालव. मी ऐकतो."

मला गाडी येत नव्हती. शिकायचा विचारही कधी केला नव्हता. पण त्या रविवारी सकाळी हे मला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत घेऊन गेले. रविवारी तिथं सामसूम असते. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना शेड, त्यांतले काही कायमचे बंद, कुंपणाला गवत चढलेलं. कधीतरी एखादा ट्रक, नाहीतर गाई. रस्ता हवा तसा होता, म्हणजे पुष्कळ खराब. यांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, क्लच, ब्रेक, रेस समजावलं. पहिल्या खेपेला गाडी तीन उड्या मारून बंद पडली. मला वाटलं आता ओरडतील. हे हसायला लागले. कित्येक महिन्यांनी मी यांना असं हसताना पाहिलं.

"उडी मारली तिनं. म्हशीवानी. पुन्हा कर."

त्यानंतर दर रविवार आमचा लोहाऱ्याला जाऊ लागला. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवायची आणि हे डाव्या चाकाच्या बाजूनं, गुडघ्यावर हात टेकत, वाकून पळायचे. "हळू घे! अजून हळू! आता त्या गिट्टीवरून ने!" असं ओरडत. धाप लागली की थांबायचे, रुमालानं मान पुसायचे, की पुन्हा. एका बंद पडलेल्या तेल गिरणीचा चौकीदार दर वेळी फाटकाशी उभा राहून आमची गंमत बघायचा. एकदा त्याला राहवलं नाही.

"साहेब, बाईंना गाडी शिकवून राह्यले का तुम्ही पळायची शर्यत लावून राह्यले?"

"आवाज शोधून राह्यलो," हे म्हणाले.

तोही मग वाकला, दहा पावलं आमच्याबरोबर पळाला आणि म्हणाला, आवाज उजव्या बाजूनं येतो. त्याच्यावरून दोघांचा चांगला वाद झाला. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होते.

हे लिहिताना माझ्या लक्षात येतं की आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांनंतर मी इतकी आनंदात नव्हते, जितकी त्या हिवाळ्यात होते. शनिवारी संध्याकाळीच मी उद्याचा डबा ठरवायची. पोळ्या, झुणका, ठेचा. गाडीच्या मागच्या सीटवरच्या पिशव्या काढून तिथं चटई टाकायची. चक्कर झाली की आम्ही कडुलिंबाखाली बसून जेवायचो आणि आवाजाविषयी बोलायचो. खडखड आहे की टकटक. वळताना वाढतो की सरळ जाताना. थंड गाडीत जास्त की गरम. आमच्या घरात इतकं बोलणं दुसऱ्या कशाविषयीही होत नव्हतं. मला वाटायचं, हा आवाज सापडला नाही तरी चालेल.

मावशीकडे जायचं मात्र राहून जात होतं. तसे आम्ही दोनदा निघालो होतो. पहिल्यांदा दिवाळीनंतर लगेच. तिच्यासाठी फराळ बांधून घेतला होता. घाटंजी रस्त्याला लागलो, शहर मागे पडलं आणि आवाज वाढला. यांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरून चाक पाहिलं, लाथ मारली, पुन्हा बसले. थोडं पुढे गेलो, पुन्हा थांबले.

"नाई, जायचं नाई असं," म्हणाले. "मंधात चाक निघालं तर काय करतं? आवाज गेल्यावर जाऊ."

गाडी वळवली. फराळ आम्हीच खाल्ला.

दुसऱ्यांदा निघालो ते शॉकअप बदलल्यावर. तेव्हा तर शहराच्या बाहेरही पडलो नाही. पेट्रोल पंपापाशीच यांनी मान कलवली आणि म्हणाले, "आहेच." परत फिरलो. मधल्या काळात याच गाडीनं, याच आवाजासकट, हे माल बघायला नागपूरला जाऊन आले होते. एकदा अमरावतीलाही. तेव्हा चाक निघण्याची भीती वाटली नव्हती. मला हे दिसत नव्हतं असं नाही. पण घाटंजीचा रस्ता जास्त खराब आहे, असं मी माझं समाधान करून घेतलं, आणि पुढच्या रविवारी लोहाऱ्याला काय डबा न्यायचा त्याचा विचार करू लागले.

संक्रांत झाल्यानंतरचा एक रविवार. एव्हाना मी बऱ्यापैकी चालवायला शिकले होते आणि हे पळण्याऐवजी माझ्या शेजारी बसून, पायाखालच्या पत्र्यावर तळवा टेकून ऐकत होते. एमआयडीसीच्या शेवटी रस्ता थोडा उताराला लागतो. त्या उतारावर गिट्टी पार उघडी पडली होती, आवाज अगदी ठणठणीत येत होता. समोर रस्त्यात एक वासरू बसलेलं दिसलं म्हणून मी लांबूनच ब्रेकवर हलका पाय ठेवला.

आवाज थांबला.

मी पाय काढला. आवाज सुरू. पुन्हा हलकासा ठेवला, गाडी थांबेल इतका नाही, नुसता टेकवला. थांबला. रस्ता तोच, वेग जवळजवळ तोच.

"अहो! ब्रेकला पाय लावला की जातो! ऐका, ऐका..." मी त्यांना पुन्हापुन्हा करून दाखवलं. मी लहान मुलीसारखी ओरडत होते. वासरू उठून बाजूला गेलं. "आवाज ब्रेकचा आहे! आपण भलतंच काहीतरी बदलत बसलो!"

मला वाटलं, हे माझी पाठ थोपटतील. निदान म्हणतील, अरे वा. यांनी मला गाडी थांबवायला सांगितली. जागा बदलून स्वतः चालवून पाहिली. पाय लावला, काढला, लावला. मग गाडी बंद केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले.

"बरोबर हाय तुहं," म्हणाले.

एवढंच. चेहरा असा पडला होता, जसं काही सापडण्याऐवजी हरवलं होतं. मला काही कळेना. डबा आम्ही त्या दिवशी उघडला नाही.

नेहमीच्या मिस्त्रीनं चाक काढलं तेव्हा सगळं सरळ होतं. दसऱ्याच्या सुमारास भलत्याच एका गॅरेजात ब्रेकचे पॅड बदलून घेतले होते. तिथं पॅड जागच्या जागी दाबून धरणारी पातळ पत्तीची क्लिप बसवायचीच राहिली होती. त्यामुळे पॅड आपल्या घरात सैल होते आणि रस्त्याच्या थरथरीनं वाजत होते. ब्रेक दाबला की पकडले जायचे, गप्प व्हायचे. धोका म्हणावा तर फारसा नव्हता. याच आवाजासह गाडी घाटंजीच काय, हैदराबादलाही गेली असती.

"इतकी छोटी चीज," मिस्त्री हसत म्हणाला. त्यानं क्लिपा बसवल्या, पिनांना ग्रीस लावलं. आम्ही घरी आलो. विहाराच्या वळणावरच्या खाचेवरून गेलो. काहीही वाजलं नाही.

पुढच्या रविवारी सवयीनं मला लवकर जाग आली. हे पेपर वाचत बसले होते.

"जायचं?" मी विचारलं.

"कायले? आवाज गेला नं."

मग मी म्हटलं, "तर मग मावशीकडे जाऊ."

यांनी पेपराचं पान उलटलं. म्हणाले, आज नको, आज दुकानात हिशेबाचा माणूस येणार आहे. पुढच्या रविवारी एका नातलगाकडे बारसं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी यांना कणकण वाटत होती. मी मध्ये मध्ये आठवण करून देत होते, पण जोर लावत नव्हते. शेवटी फाल्गुन लागला, ऊन चढायला लागलं, आणि एका सकाळी हे स्वतःच किल्ली घेऊन दारात उभे राहिले. "चाल," म्हणाले. "तू चालव."

घाटंजीपर्यंत मी पहिल्यांदाच चालवत होते. गाडी इतकी शांत होती की दोघांनाही काय बोलावं सुचेना. दोन्ही बाजूंच्या वावरांतून पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून झाल्या होत्या, कडेला त्यांचे ढीग रचलेले होते. कापूस संपलेला, जमीन मोकळी. घाटंजीच्या पुढे डांबर संपलं, आणि एका वळणाला यांनी सांगितलं, इथून आत.

मावशीच्या घराला कुलूप होतं.

ओट्यावर कित्येक दिवस न झाडलेली पानं होती. शेजारची बाई भांडी घासत होती, ती हात पुसत आली. यांच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही दुकानवाले बापू काय?"

हे हो म्हणाले.

"ते तं गेली बाप्पा पोरीकडे. जावई येऊन घेऊन गेला. महिना झाला असन. वावर ठेक्यानं देल्लं." मग जरा थांबून म्हणाली, "लय वाट पाह्यली तिनं तुमची."

"माझी?"

"होय नं. बापू येनार हाय म्हने वावर पाहाले. सगळ्यायनं पऱ्हाट्या उपटल्या, इनं काई उपटू देल्या नाई. मी म्हनलं, काहून ठेवते वं उभ्या? तं म्हने, त्यायनं पाह्यलं पाहिजे नं कसं उगवलं होतं ते. मंग ठेकेवाल्यानं बाकीच्या काढल्या. चार तासं तेवढे उभे हायेत, धुऱ्यापाशी. ते काढू नको म्हनून सांगून गेली त्याले."

यांनी वावर कुठलं ते विचारलं आणि चालायला लागले. मी मागोमाग.

वावर गावाला लागूनच होतं. सगळं नांगरून काळं केलेलं, आणि एका कडेला, धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या बाभळीजवळ, तिनं सांगितलेली चार तासं, कापसाच्या चार ओळी, उभ्या. ओळी तरी कसल्या. एक झाड, मग चार-पाच पावलं रिकामी जागा, मग दुसरं झाड, मांडीएवढं, पार वाळलेलं. काही काड्यांवर न फुटलेली बोंडं काळी पडून राहिली होती. हे पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत चालत गेले, मग दुसऱ्या ओळीनं परत आले, तिसऱ्या ओळीनं गेले, चौथीनं परत आले. दुकानात आलेल्या माणसाचं ऐकून घेताना करायचे तशी मान हलवत होते. समोर कोणी नव्हतं.

मी धुऱ्यावर उभी होते. मला लोहाऱ्याच्या कडुलिंबाखालचे आमचे डबे आठवले. त्या रविवारी, म्हणजे त्या सगळ्याच रविवारी, ही चार तासं इथं उभी होती.

परत निघालो तेव्हा यांनी चालवायला घेतलं, पण थोड्या वेळानं गाडी थांबवून मला दिली. घाटंजी मागे पडल्यावर बोलले.

"त्या दिवशी दुकानात ती काई बोलली नाई असं सांगितलं होतं मी तुले. बोलली होती."

मी गाडीचा वेग कमी केला.

"म्हने, तुम्ही म्हनलं म्हून लावलं, बापू. भांडून नाई म्हनली. रागानं नाई. बाकीचे भांडले त्यायचं मले काई वाटलं नाई एवढं. इनं असं म्हनलं जसं मीच तिले सांगनार हाय का हे कसं झालं. मी म्हनलं, मावशी, मी येतो, वावर पाहातो. पाहून सांगतो." यांनी काच खाली केली. "काय सांगनार होतो पाहून? मले तं माहीतच होतं."

"मग जात का नव्हतो आपण?" मी विचारलं. हा प्रश्न मी दिवाळीतच विचारायला हवा होता.

"आवाज होता नं," हे म्हणाले. आणि मग स्वतःच मान हलवली, नाही अशी.

पुढच्या हंगामात यांनी बियाणं ठेवलंच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी दुकान बंद केलं. पुसदला एका खासगी शेतकी विद्यालयात शिकवायची नोकरी मिळाली. माझी शाळा यवतमाळला, म्हणून हे आठवडाभर तिकडे खोली करून राहायचे आणि शनिवारी एसटीनं यायचे. गाडी माझ्याकडे. मी स्टँडवर न्यायला जायची. रविवार कपडे, भाजी, औषधं यात निघून जायचा. एकदा मी म्हटलं, लोहाऱ्याकडे जाऊन येऊ का, सहज. हे म्हणाले, तिथं काय आहे. खरं होतं, तिथं काही नव्हतं. मला ते दिवस परत हवे होते आणि यांना त्या दिवसांची आठवणही नको होती. यात चूक कोणाची नव्हती. पण एकाच गाडीत बसून आम्ही दोघं दोन निरनिराळ्या गोष्टी करत होतो, मी सुखात होते आणि हे पळत होते, हे मला तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं. निदान मी त्यांना एकदा म्हटलं असतं, चला, आवाज राहू द्या, हळू जाऊ.

मावशीच्या मुलीच्या गावाचं नाव शेजारणीनं सांगितलं होतं. फार लांब नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी म्हणायची, मी चालवते, सकाळी निघून संध्याकाळी परत. हे म्हणायचे, बघू. काही वर्षांनी तीच शेजारीण मला यवतमाळच्या बाजारात भेटली. मावशी तिकडे बरी आहे म्हणाली, मुलीच्या वावरात मिरच्या लावते, गुडघे गेले आहेत पण बसून तोडते. "इचारते कधी कधी," ती म्हणाली. "बापूचं दुकान चालते काय म्हनते."

शनिवारी हे आले तेव्हा मी सांगितलं. हे हातपाय धुऊन बसले होते. ऐकून टॉवेल तसाच हातात धरून राहिले. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात जाऊन येऊ." आणि मलाही वाटलं की या वेळी जाऊ. पण पुढच्या महिन्यात परीक्षा होत्या, मग माझ्या आईचं आजारपण निघालं, मग आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही. ती शेजारीणही पुन्हा भेटली नाही. मावशी आता असेल की नाही, आम्हाला ठाऊक नाही.

आता दोघंही निवृत्त झालो आहोत. परवा दुपारी जेवण झाल्यावर मी यांना विचारलं, "आपण तेव्हा पहिल्याच खेपेला परत न फिरता गेलो असतो, तर काय झालं असतं हो?"

ताटात हात धुवून यांनी दोन्ही ताटं एकात एक ठेवली.

"काई नाई," म्हणाले. "चहा मांडला असता तिनं. मंग वावर दाखवलं असतं."